एका शब्दात

ते पत्र आलं तेव्हा आमच्या शब्दकोशाचं काम ‘भ’पर्यंत पोचलं होतं. कार्यालयात शब्दांची कार्डं लिहिणं हे माझं काम. शिपायाने पत्र टेबलावर ठेवलं. मी ते वाचलं, घडी घालून खणात सरकवलं आणि ‘भलता’चं कार्ड पुरं केलं. त्याला एकोणीस वर्षं झाली.

‘मास्तर, नमस्कार. ओळखलंत ना? मी तुमचा गोली. सध्या पाणीपुरवठा खात्यात भांडारपाल आहे. मुलगी चौथीत गेली. शाळेत तिला खांबाची पोर म्हणतात. परवा तिने विचारलं, बाबा, तुम्ही हललात का नाही? मी म्हटलं, कोचनेच सांगितलं होतं. पण मग मलाच वाटायला लागलं, माझ्या ऐकण्यात तर चूक झाली नसेल? तेव्हा कोच नेमकं काय म्हणाले, तेवढं एका ओळीत कळवा. तिला दाखवीन म्हणतो.’

मी कळवलं नाही.

त्या पत्राच्याही अकरा वर्षं आधी आपला संघ पहिल्यांदाच मोठ्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेला पात्र ठरला होता. कोच परदेशी. त्याची भाषा मला पुस्तकांतून येत होती. तोवर ती मी कुणाशी बोललो नव्हतो. दुसरं कुणी मिळेना, म्हणून दुभाषा म्हणून मला नेलं. फुटबॉलशी माझा संबंध एवढाच, की शाळेत मुलं मला मैदानाच्या कडेला चपला सांभाळायला उभं करत.

कोच तीन शब्द बोले, मी तीन वाक्यं. उगाच अर्थ सुटायला नको, ही कोशातली खोड. खेळाडूंनी माझं नाव डिक्शनरी ठेवलं.

“डिक्शनरी, एका शब्दात सांग ना!” कॅप्टन ओरडायचा. “तोवर समोरचे गोल मारून घरी जातील!”

गोलकीपर तेवढा मला मास्तर म्हणायचा. बसमध्ये शेजारी बसायचा. “हसू द्या त्यांना, मास्तर. तुम्ही सांगता ते मला नीट कळतं.”

पहिला सामना बरोबरीत सुटला, दुसरा हरलो, तिसरा अखेरच्या मिनिटाला जिंकलो. उपांत्यपूर्व फेरीत गोलीने एकट्याने संघ तारला. मग सगळा देशच वेडा झाला. बायकोने हॉटेलवर फोन करून ऑफसाइड म्हणजे काय ते विचारलं. मी तिला शब्दाची व्युत्पत्ती सांगितली.

उपांत्य सामना जादा वेळेनंतरही बरोबरीतच. पेनल्टी. कोचने गोलीचे खांदे धरले आणि भराभर बोलला: त्यांचा पाचवा फटका कॅप्टन मारेल. तो शेवटपर्यंत कीपरकडे बघतो आणि कीपर उडी घेईल त्याच्या उलट बाजूला मारतो. त्याचा पाय चेंडूला लागेपर्यंत थांब, मग झेप घे.

मैदान गर्जत होतं. पंच शिट्टी वाजवून बोलावत होते. मी सुरुवात केली, “त्यांचा जो कॅप्टन आहे, तो साधारणपणे...”

“एका शब्दात, डिक्शनरी! देवासाठी!” आमचा कॅप्टन ओरडला.

तीन आठवड्यांत मी पहिल्यांदाच त्याचं ऐकलं. म्हणालो, “पाचव्याला थांब.”

“थांबू?” गोली म्हणाला. “नक्की, मास्तर?”

“हो. थांब.”

आमचा पाचवा फटका बारला लागून परतला. चार-चार. त्यांचा कॅप्टन आला. गोली गोलच्या मधोमध पाय रोवून उभा राहिला आणि उभाच राहिला. चेंडूला जोर असा नव्हताच. गवतावरून सरपटत तो कोपऱ्यात गेला. गोलीने नुसती मान वळवून त्याला जाताना पाहिलं.

ड्रेसिंग रूममध्ये तो हातमोजे न काढता बसला होता. कोच माझ्या कानाशी येऊन हळूच म्हणाला, “हा हलला का नाही, विचार त्याला.”

मी गोलीकडे वळलो. “कोच म्हणतायत, मनाला लावून घेऊ नकोस.”

त्याने मान हलवली. “त्यांना म्हणावं, तुम्ही सांगितलंत तसंच केलं मी.”

मी कोचला सांगितलं, “तो म्हणतो, ऐन वेळी पाय जड झाले.”

कोचने त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि तो निघून गेला. माझी दोन्ही वाक्यं व्याकरणाला धरून होती.

दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात मथळा आला: ‘खांब’. पुढे लोकांनी त्याला दुसरं नावच ठेवलं नाही. संघात तो पुन्हा आला नाही.

‘थांबणे’चं कार्ड माझ्याच अक्षरातलं आहे. पहिला अर्थ, हालचाल बंद करणे. दुसरा, वाट पाहणे. कोच दुसरा बोलला, गोलीने पहिला ऐकला. शब्द कुणाच्याही तोंडून घसरतो, असं मी मनाला समजावत आलो. पण ड्रेसिंग रूममध्ये काही घसरलं नव्हतं.

उत्तर लिहायला मी कितीदा तरी बसलो. एका ओळीची चार पानं व्हायची आणि चारही पानांत ती ओळ नसायची. पुढे कोच वारला. मी निवृत्त झालो. वाटलं, मुलगी मोठी झाली असेल, विसरली असेल. माझ्यासारख्या माणसाला पुढे ढकलायला कारण लागतं, आणि ते सापडतंच.

गेल्या मंगळवारी बायको वर्तमानपत्र वाचता वाचता म्हणाली, “अहो, तुमचा तो गोली गेला. फोटो आलाय. मेल्यावरही बघा काय लिहिलंय, ‘खांब या नावाने परिचित’.”

मी वाकून फोटो पाहिला.

“त्याचं एकदा पत्र आलं होतं म्हणाला होतात. काय हवं होतं त्याला?”

“एक ओळ.”

“मग? पाठवलीत ना?”

मी चष्मा काढून पुसायला घेतला.

तिने पेपरची घडी घातली. “चाळीस वर्षं झाली संसाराला. तुम्ही चष्मा पुसायला लागलात की मला कळतं.” मग जरा वेळाने, “मुलगी आहे ना त्याची?”

“हो. अठ्ठावीसेक वर्षांची असेल.”

“मग तिला लिहा. आणि हे बघा, शब्दकोश लिहू नका.”

मी लिहिलं: ‘ताई, कोच म्हणाले होते, पाय चेंडूला लागेपर्यंत थांब, मग झेप घे. मी तुमच्या बाबांना नुसतं थांब म्हणालो. त्यांनी पुन्हा विचारून घेतलं आणि मी सांगितलं तसे ते उभे राहिले. नंतर मी कोचशी खोटं बोललो आणि त्यांच्याशीही. चूक त्यांच्या ऐकण्यात नव्हती. हे पत्र हवं त्याला दाखवा.’

मुलीचं नाव मला ठाऊक नव्हतं. पाकिटावर गोलीचं पूर्ण नाव लिहून पुढे ‘यांची कन्या’ लिहिलं, खाली पत्रावरचा जुना पत्ता.

पोस्टातल्या कारकुनाने पाकीट उलटसुलट केलं. “आजोबा, नुसतं कन्या? पोस्टमनने शोधायचं कसं?” मग नाव वाचून तो थबकला. “हा म्हणजे... तो खांब का?”

“गोलकीपर,” मी म्हणालो. आवाज माझ्या सवयीपेक्षा मोठा निघाला असावा; रांगेतली दोन माणसं वळून बघू लागली. “देशाचे गोलकीपर होते ते.”

कारकुनाने माझ्याकडे पाहिलं. टेबलावरचं पेन उचलून पाकिटावर, नावाच्या खाली, त्याने तेवढंच लिहिलं. मग शिक्का मारला आणि पत्र मागच्या टोपलीत टाकलं.