माझ्या पोटातला डबा

मित्रांनो, मी एक जुना ओव्हन आहे, पण केक-बिस्किटांची आशा धरू नका. माझ्या पोटात फक्त वेल्डिंगच्या कांड्या राहतात. मला दोन पत्र्यांच्या मध्ये काचेची लोकर भरून आणि तळाशी तापणारी तार बसवून घडवले. पाइप जोडण्याच्या कारखान्यात, टेबलाच्या पायाशी माझी जागा आहे.

या कांड्या मोठ्या नाजूक असतात. आत तार आणि वर पांढुरका लेप. तो लेप हवेतला ओलावा चटकन पितो. ओली कांडी वापरली की वितळलेल्या धातूत वायूचे बुडबुडे अडकतात आणि सांधा वरून देखणा, आतून पोकळ होतो. म्हणून कांड्या आधी मोठ्या भट्टीत भाजतात आणि मग कोरड्या राहाव्यात यासाठी माझ्याकडे सोपवतात. एवढी जोखमीची कामगिरी, तरी लोक माझ्यावर बसतात, हातमोजे वाळत घालतात! माझा तापमान दाखवणारा काटा बिघडला तेव्हा तर मला भंगारात काढले होते. मला वाचवले ते वहिनींनी.

वहिनी म्हणजे आमच्या वेल्डर. सगळेच त्यांना वहिनी म्हणतात, पण सख्खे दीर एकच, आमचे फिटर भाऊजी. ते पाइप कापतात, त्यांवर खडूने आकडे घालतात आणि आकड्याशेजारी पंचाने, म्हणजे टोकदार छिन्नीने, हलक्या हाताने तेवढेच ठिपके ठोकतात.

"भाऊजी, खडू पुरत नाही का? पाइपला गोंदवताय कशाला?" वहिनी चिडवायच्या.

"खडू पुसला जातो, वहिनी. गोंदण जात नाही."

वहिनींनी बरीच वर्षे लोखंडी फाटके आणि कठडे जोडले होते. बॉयलरची वाफ नेणाऱ्या पाइपांचे काम त्यांना पहिल्यांदाच मिळाले होते. सांध्यांचा एक्स-रे निघणार होता. एकही सांधा वाईट निघाला, तर पुन्हा फाटके आणि कठडेच त्यांच्या वाट्याला येणार होते.

त्या दिवशी कडाक्याची थंडी होती. भाऊजींनी इकडेतिकडे पाहिले, माझे झाकण उघडले आणि जेवणाचा डबा गरम करायला सरळ माझ्या पोटात, कांड्यांच्या मागे सरकवला. रश्श्याचा डबा, तोही सैल झाकणाचा! थोड्याच वेळात रस्सा उतू गेला. माझ्या पोटात वाफच वाफ झाली. मला ओरडावेसे वाटत होते, पण पत्र्याला कुठले तोंड? तेवढ्यात वहिनींनी घाईत येऊन, आत न पाहताच वरच्या मूठभर कांड्या उचलल्या आणि एक सांधा भरून काढला. ओली कांडी तडतडते, पण शेजारी ग्राइंडर किंचाळत होता. त्यांना काही ऐकू आले नाही.

जेवायला डबा काढताना भाऊजींनी आत पाहिले आणि त्यांचा चेहरा पडला. कांड्यांवर रस्सा सांडला होता. गप्प बसले असते तर कोणाला कळणार होते? ते डबा तसाच टाकून वहिनींकडे गेले.

"वहिनी, माती खाल्ली मी. ओव्हनमध्ये डबा ठेवला होता. सगळ्या कांड्या भिजल्या."

वहिनींनी चटकन ढिगाकडे पाहिले. "अहो, त्यातल्याच कांड्यांनी मी आत्ता सांधा केला! आणि तो ढिगात गेलासुद्धा. आता ओळखायचा कसा?"

ढिगातले सगळे तुकडे सारखे होते आणि तारेच्या ब्रशने घासताना खडूचे आकडे पुसले गेले होते. भाऊजी गुडघ्यांवर बसून एकेक पाइप बोटांनी चाचपू लागले. वहिनींना शेवटी दिलेला पाइप कितवा, ते त्यांना आठवत होते; अखेर तेवढे ठिपके बोटांना लागले.

"हाच तो. पण वहिनी, दिसायला किती झकास आहे हो!"

"म्हणूनच भीती वाटते. कापा."

त्यांनी सांधा कापला. आत वाळवी लागावी तशी भोकेच भोके होती. मग वहिनींनी मला स्वतः पुसून काढले, रिकामेच तापवून खडखडीत कोरडे केले आणि नव्याने भाजलेल्या कांड्यांनी सांधा पुन्हा केला.

एक्स-रेवाल्या साहेबांनी फिल्म उजेडासमोर धरली. "स्वच्छ आहेत. सगळे." वहिनींनी इतका मोठा सुस्कारा सोडला की तो मलाही ऐकू आला. माझ्या जिवात जीव आला, मित्रांनो!

तेव्हापासून माझ्या पोटात कोणी डबा ठेवत नाही. तुम्हीही आपल्या वस्तूंना त्यांचे काम करू द्या, भलते काही त्यांच्या गळ्यात मारू नका. आणि चुकून काही बिघडलेच, तर तोंड लपवू नका. ज्याचे नुकसान होणार आहे, त्याला आधी सांगा.

शेवटचे जोड जागेवरच करायचे होते, म्हणून मलाही बॉयलरपाशी नेले होते. पाइपात पहिल्यांदा वाफ सोडली तेव्हा सगळे दूर भिंतीशी उभे राहिले. भाऊजी मात्र पंचाचे ठिपके शोधत गेले आणि नेमके पुन्हा केलेल्या त्या सांध्याखाली हाताची घडी घालून उभे राहिले.

"अहो भाऊजी, मागे व्हा ना!" वहिनी ओरडल्या.

"कशाला? सांधा तुम्ही केलाय ना?"