तिची फुंकर

रबरी नळीच्या टोकावर दातांच्या दोन बारीक खुणा – डाव्या कोपऱ्यात, अगदी ताज्या – आणि मिस्त्रींना कळलं, कामासाठी परीक्षा द्यायला आलेली ही बाई सिगरेट ओढते. मघाशी दोन्ही हात ज्योतीवर काच फिरवण्यात गुंतलेले, आणि फुंकायची नळी ओठांच्या कोपऱ्यात अशी अलगद धरलेली की पडायचं नाव नाही... असं धरणं कुणी शिकवत नाही. ते स्वतः सिगरेट तशीच धरायचे.

प्रयोगशाळांसाठी चंबू फुंकणारा हा कारखाना. धूम्रपान करणाऱ्याला कामावर घ्यायचं नाही, घरी ओढत असला तरी नाही, हा नियम दोन वर्षांपूर्वीचा. थोरले मालक खोकून खोकून गेले, तेव्हा मालकीणबाईंनी केलेला. जुन्या माणसांना सक्ती नव्हती, तरी मिस्त्रींनी सोडली. आणि मग छातीत असा काही वारा भरला की पहिल्याच महिन्यात अकरा चंबू फुग्यासारखे फुटले, बारावा हातातून सुटून खिडकीबाहेर गेला तो अजून आलेला नाही. (अकरा नव्हते, तीन होते. पण तीन सांगितले की कुणी कान देत नाही.) जिना आता एका दमात चढतो मी. नियम चांगलाच आहे, त्यात डोकं काय खाजवायचं...

"झालं, काका," बाई म्हणाली आणि निवलेला चंबू तिने पुढे ठेवला.

मिस्त्रींनी तो उजेडात धरला. कुठे जाड नाही, कुठे पातळ नाही. काच संपते कुठे आणि हवा सुरू होते कुठे, नजरेला सापडेना. आपल्या हातात काही आहे हे त्यांना वजनावरूनच कळत होतं.

"दिवसाला किती?" त्यांनी विचारलं.

"काय किती?"

"बाई, या धंद्यात केस पांढरे केलेत मी."

ती हसली. "दोन. जुना कारखाना बंद पडल्यापासून चार ठिकाणी अर्जात खरं लिहिलं. चारही ठिकाणी पाणी विचारलं आणि वाटेला लावलं. आता तुम्हीच लिहा काय ते. त्या रकान्याला काही वास येत नाही."

अर्जावरचा ‘धूम्रपान करता का?’ हा रकाना छोटा होता, नखाएवढा. मिस्त्रींची सही झाली की मालकीणबाई पुन्हा विचारत नसत, तेवढा विश्वास. आणि तीस वर्षांपूर्वी हा रकाना असता तर – दिवसाला वीस ओढणारा मी – दारातूनच... मग ते हजारो चंबू? कुठल्या कुठल्या गावांत, कधी न पाहिलेल्या टेबलांवर, त्यांच्या फुंकरीएवढ्या पोकळीत कुणाकुणाची औषधं उकळली असतील, कुणी बरं होऊन घरी गेलं असेल – ती सगळी धुरकट छातीतून निघालेली फुंकर. आणि मालकांचा तो खोकलाही त्याच धुराचा. मालकीणबाई रात्ररात्र उशाशी बसलेल्या... त्या चुकल्या म्हणावं, तर जीभ रेटत नाही.

एवढासा श्वास. आणि त्याचं काय काय होतं.

"काका, लिहिताय ना?"

"थांबा जरा," हातातल्या चंबूकडे बघत ते म्हणाले. शेजारी तान्हं मूल झोपलेलं असावं, इतका त्यांचा आवाज खाली आला होता.