चाळीस लाख नोंदी आणि सुताराची पेटी

मी एक जुना डेटाबेस आहे, आणि आधीच सांगून टाकतो, माझे पोट अजून भरलेले नाही. मित्रांनो, हे सांगावे लागते, कारण माझी ओळख करून दिली की जो तो पहिला प्रश्न हाच विचारतो, "यात मावतं तरी किती?" जणू मी धान्याचे पोतेच आहे!

माझा जन्म शहर बससेवेच्या हरवले-सापडले कचेरीत झाला. बसमध्ये कोणी काही विसरले की वाहकाने ते इथे आणून द्यायचे आणि मालकाने आमच्या वेबसाइटवर शोधायचे, अशी इथली पद्धत. मला घडवले एका तरुण प्रोग्रॅमर मुलीने. कचेरीच्या खिडकीवर बसणाऱ्या बाईंची ती सख्खी भाची. त्या बाईंना सगळे छत्रीमावशी म्हणतात, कारण त्यांच्याकडे येणाऱ्या निम्म्या वस्तू छत्र्याच असतात. पहिल्या दिवशी भाचीने माझ्यात वीस छत्र्या नोंदवल्या आणि त्यांतली एक मागितली. डोळ्याचे पाते लवते न लवते तोच मी ती हजर केली.

"मावशी, पोर हुशार निघालं गं!" ती म्हणाली. मला छाती नाही, पण असती तर त्या दिवशी नक्की फुगली असती.

मग मी कामाला लागलो. गोदामात प्रत्येक वस्तूवर फक्त एक क्रमांक लटकतो. ती कोणत्या बसमध्ये, कोणत्या तारखेला सापडली आणि कोणत्या फळीवर ठेवली, हे सारे एकट्या मला ठाऊक. छत्र्या वर्षभराने विकून टाकतात. पण ज्या वस्तूवर कोणाचे पोट चालते ती कधीही विकायची नाही, असा या कचेरीचा नियम आहे. म्हणून गोदामात शिंप्यांच्या कात्र्या आहेत, गवंड्यांच्या थाप्या आहेत, एका बँडवाल्याचा ट्रम्पेटही आहे. या नियमाचा मला फार अभिमान वाटतो.

वस्तू येत गेल्या, तक्रारी आणि चौकश्याही येत गेल्या, आणि माझ्या नोंदी चाळीस लाखांवर गेल्या. पण हळूहळू माझी चाल मंदावली. कोणी काही शोधायला गेले की पडद्यावर ते चक्र नुसते गरगर फिरत राही. लोक वैतागू लागले. खिडकीवर मावशींना चार शब्द ऐकून घ्यावे लागत, ते मला सर्वांत जास्त लागे. शेवटी एका सकाळी कचेरीचे साहेब म्हणाले, "हा आता भरला. तीन वर्षांपेक्षा जुन्या नोंदी पुसून टाका. आजच्या आज."

मित्रांनो, माझ्यातली नोंद पुसली की गोदामातली वस्तू पोरकी होते. ती तिथे असते, पण कोणाची ते सांगणारे कोणी उरत नाही.

भाची मान खाली घालून पुसण्याची तयारी करत होती, तेवढ्यात खिडकीशी काठी टेकत एक माणूस आला. तो सुतार होता.

"मावशी, माझी हत्यारांची पेटी राहिली होती बसमध्ये. चार वर्षं झाली."

"आणि आज आठवण झाली होय?"

"आठवण रोजच होती. त्याच बसमध्ये चक्कर येऊन पडलो, तिथून थेट दवाखान्यात. पाय वाचतो की जातो, यातच वर्षं गेली. आता एक फर्निचरवाला काम द्यायला तयार आहे, पण म्हणतो, हत्यारं तुझी असतील तरच उद्या ये. आणि त्यात माझ्या वडिलांचा रंधा आहे हो."

त्याला तारीख पाठ होती. मावशींनी ती टाकली. चक्र फिरले, फिरले, आणि पडद्यावर 'वेळ संपली' असे आले. दुसऱ्यांदाही तेच.

"मावशी, जुनं पुसू दे, म्हणजे हलका होईल. मग शोध," भाची म्हणाली.

"अगं, पेटी चार वर्षांपूर्वीची! तीच नोंद पुसलीस तर मग शोधणार काय, कपाळ?"

भाचीचा हात जागीच थांबला. मग तिने, इतक्या वर्षांत पहिल्यांदाच, मी शोधतो कसा ते नीट पाहिले. मी नेहमीसारखा अगदी पहिल्या छत्रीपासून निघून एकेक नोंद तपासत येत होतो. दुसरी रीत मला कोणी शिकवलीच नव्हती.

तिने कपाळावर हात मारला. "हा भरलेला नाही गं मावशी! मीच याला तारखांची सूची करून दिली नाही. वीस छत्र्यांत चाललं, म्हणून मला वाटलं सगळं ठीक आहे."

"म्हणजे काय ते नीट सांग."

"शब्दकोशात शब्द कसेही विखुरलेले असते, तर एका शब्दासाठी अख्खा कोश वाचावा लागला असता ना? हा बिचारा दरवेळी अख्खा कोश वाचतोय."

तिने एका ओळीची आज्ञा दिली. मावशींनी सुताराला बसायला स्टूल दिले, आणि त्याला पाणी देईपर्यंत मी सगळ्या तारखा ओळीने लावल्या. मावशींनी पुन्हा तारीख टाकली. बोट कीबोर्डवरून उचलायच्या आत पेटीचा क्रमांक, रांग आणि फळी, सगळे पडद्यावर!

साहेब चष्मा सावरत आले. "एवढ्या नोंदी असून?"

"साहेब, चाळीस लाखांचे चार कोटी झाले तरी हा दमायचा नाही. डिस्कवर जागा हवी आणि सूची नीट हवी, बस," भाची म्हणाली.

"मग पुसायचं राहू द्या," साहेब म्हणाले. मित्रांनो, इतका आनंद मला कधीच झाला नव्हता.

गोदामातून पेटी आली. सुताराने बाहीने धूळ पुसली, रंधा बाहेर काढला आणि पात्यावरून अंगठा फिरवला. "गंजलाय थोडा. संध्याकाळपर्यंत धार लावतो," एवढेच तो म्हणाला. काठी एका हातात आणि पेटी दुसऱ्या हातात घेऊन तो ताठ मानेने बाहेर पडला.

म्हणून एक विनंती करतो. कोणी मंद चालू लागले की त्याला लगेच निकामी ठरवू नका. आपण त्याला काम कसे सोपवले आहे, तेही एकदा पाहा. आणि काही पुसण्याआधी जरा थांबा. माझ्यात अजून भरपूर जागा आहे. गोदामात कात्र्या आहेत, थाप्या आहेत, तो ट्रम्पेट आहे. त्यांचे मालक अजून यायचे आहेत.