एक्केचाळिसावी ओळ

स्टेपलरची पिन अर्धीच आत गेली, उरलेली वाकडी होऊन वर राहिली — प्रबंधाच्या शेवटच्या प्रकरणाची सत्तर पानं एका पिनेत मावत नाहीत हे संख्याशास्त्रात सहा वर्षं घालवलेल्या बाईला कळू नये, धन्य आहे! — आणि ती नखानं उचकटताना पानं सुटली, परिशिष्टाचं पहिलं पान वर आलं, आणि तिची नजर सहज एक्केचाळिसाव्या ओळीवर गेली. वय त्र्याहत्तर. वजन अठ्ठावन्न. मुठीची ताकद चौतीस किलो.

चौतीस?

एक्केचाळीस म्हणजे बाबा. दोनशे बारा वृद्धांची मोजमापं तिने स्वतः घेतली होती, नावं काढून नुसते क्रमांक ठेवले होते, पण हा क्रमांक विसरणं शक्यच नव्हतं, कारण यंत्र हातात घेताना बाबांनी विचारलं होतं, "मी कितवा गं?" अर्धांगाचा झटका येऊन गेल्यानंतरचा तो उजवा हात... काटा कसाबसा नऊपर्यंत गेला. "लिही, पैलवान आहे म्हणावं," बाबा हसले होते, आणि मी मान खाली घालून नऊ लिहिलं होतं.

वरच्या ओळीत पस्तीस. त्याच्यावर पस्तीस. खाली चौतीस, मग तेहेतीस, तेहेतीस... चालण्याच्या वेगाचा रकानाही तसाच, पायरी पायरीनं खाली उतरणारा.

गेल्या वर्षी टंकनाच्या चुका शोधायला तिने मूठ आणि चाल हे रकाने एकेक करून मोठ्यापासून लहानापर्यंत लावले होते. संगणकानं विचारलं होतं — फक्त हाच रकाना, की सोबतचं सगळं? तिने बेफिकीरपणे 'फक्त हाच' दाबलं, आणि त्याच फाईलवर सेव्ह केलं. सरासरी बरोबर राहिली, विचलन बरोबर राहिलं. फक्त एकाची मूठ दुसऱ्याच्या पायांना जाऊन चिकटली. बहुचल संख्याशास्त्र म्हणजे तरी काय, एका माणसाचे सगळे आकडे एकत्र धरून ठेवायचे. तेवढंच करायचं होतं गं बाई तुला! आणि कागदी फॉर्म? ते नियमाप्रमाणे यंत्रात घालून, पट्ट्या पट्ट्या करून टाकले होते, तिनेच, फार कर्तव्यदक्षपणे. बाबा जाऊन आठ महिने झाले होते. बाकीच्यांपैकी कोण कुठला, हे आता कुणीच सांगू शकत नव्हतं.

मूठ आणि चाल यांचा सहसंबंध शून्य पूर्णांक अठ्ठ्याण्णव, म्हणजे जवळजवळ पूर्ण एक आला, तेव्हा मार्गदर्शक सर म्हणाले होते, "अगं, काय देखणा निकाल आहे!" जिवंत माणसांत असलं काही येत नसतं. शंका तिला तेव्हाच आली होती... खरं सांगायचं तर आली होती, आणि मी डोळ्यांवर कातडं ओढून घेतलं होतं, कारण त्या दिवशी पहिल्यांदा कुणीतरी मला हुशार म्हटलं होतं.

फोन वाजला. आई.

"दिलंस का गं सरांना?"

"चाललेय."

"सुटलीस बाई एकदाची. यांना केवढं कौतुक होतं!"

तिने "हो" म्हटलं.

जिन्यात ती वाक्य जुळवत राहिली — सर, आकडे सरकलेत, सर, हा प्रबंधच उरत नाही, सर, पहिल्यापासून... पण पहिल्यापासून करायला अंगात बळ कुठून आणू? चार वाजता ती मार्गदर्शकांच्या खोलीत उभी राहिली. त्यांनी प्रकरण उलटसुलट चाळलं, आलेखापाशी थांबून मान डोलावली आणि परिशिष्टावरून अंगठा सरकन पुढे नेला.

"परिशिष्ट..." ती म्हणाली.

"ते कोण वाचतंय?" सर हसले. सहीसाठी पेनाचं टोपण काढत त्यांनी वर पाहिलं. "आकडे तपासलेस ना सगळे?"

तोपर्यंत तिला पकडलं जाण्याची भीती वाटत होती. आता ती भीती एकदम ओसरली. कुणी पकडणार नव्हतं. बाहेरचे परीक्षक, आई, पुढे हे वाचून आणखी काही रचणारी माणसं... कुणालाही, कधीही कळणार नव्हतं. बाबांच्या हातात चौतीस किलोंची ताकद होती, हे कायमचं खरं ठरणार होतं. आणि आपल्याला हायसं वाटतंय, हे तिला स्वच्छ जाणवलं, आणि स्वतःची इतकी किळस तिला आजवर कधी आली नव्हती.

सर पेन धरून थांबले होते. तिने तोंड उघडलं.