कपाटातला जर्मन जोड

मित्रांनो, मी एक जुना बुटांचा जोड आहे. फुटबॉलच्या बुटांचा. कातडं जर्मन, तळाला चिखलात रुतायचे सहा-सहा दात. सध्या सोलापुरात सिद्धाप्पाच्या खोलीतल्या खुंटीवर लटकतो. डाव्याची टाच फाटली आहे, उजव्याचे दोन दात पडले आहेत. पण माझी कीव करू नका. माझे वाईट दिवस काचेच्या कपाटात गेले, आणि तेव्हा माझ्यावर झेंडूचा हार होता.

माझा पहिला मालक लोथार. जर्मनीतल्या एका कारखान्याच्या गावातल्या क्लबात पगारी डिफेंडर. डिफेंडर म्हणजे मागे उभा राहून समोरच्याला गोल करू न देणारा. हे सांगावं लागतं, कारण तुम्हा सगळ्यांना गोल करणाराच तेवढा ठाऊक! लोथार अकरा हंगाम खेळला. शेवटचे चार माझ्यासह. दोनशे चौसष्ट सामने, गोल तीन. त्यातले दोन स्वतःच्याच जाळ्यात. ते दोन गावाला तोंडपाठ होते. अडवलेले किती, ते मात्र एकालाही विचारू नका.

क्लबाला वरच्या गटात बढती मिळवून देणारा सामना होता. नुसती बरोबरी पुरली असती. शेवटच्या मिनिटाला लोथारला वाटलं, एकदा तरी आपल्या नावाचा जयघोष व्हावा. जागा सोडून धावला पुढे. चेंडू त्याच्या डोक्यावरून मागे गेला, आणि क्लबाची बढतीही. गुडघा आधीच कुरकुरत होता; आठवड्यात क्लबाने त्याला नारळ दिला. ज्यांनी अकरा वर्षं त्याच्या पाठीमागे निवांत झोपा काढल्या, त्यांनीच शिट्ट्या वाजवल्या. मी सगळ्यांची तोंडं बघून ठेवली. बुटाला माणूस खालूनच दिसतो, पण पुरता दिसतो.

लोथारच्या हाताला फिटरचं काम होतं. त्र्याहत्तर साली यंत्रांच्या कंपनीने त्याला सोलापुरातल्या एका मिलमध्ये माग बसवायला धाडलं. पेटीत पान्यांच्या शेजारी मी.

मिलची टीम पाहिली आणि मला हसू आवरेना. गोलकीपरसकट दहाच्या दहा जण चेंडूमागे, जसं काही शेरडांच्या कळपात कुणी पाला टाकलाय. फक्त सिद्धाप्पा नावाचा एक बदली, म्हणजे कायम न झालेला, कामगार जागेवर उभा राहायचा. अक्कलकोटकडच्या मेंढपाळाचा मुलगा. कळपाची मागची बाजू राखायची सवय. लोथारने त्यालाच धरलं. साहेबाला मराठी एकच शब्द आला, "हितंच!" सिद्धाप्पा पुढे सरकला, की साहेब ओरडायचा, "हितंच!" शब्द एकच, पण त्याच्यामागे अख्खी बढती गेलेली होती.

साहेब परत जाताना मला सिद्धाप्पाला देऊन गेला. बूट मोठा पडला. त्याने पुढे सुताचा बोळा कोंबला. पण आठच दिवसांत मिलच्या क्लबाचे सेक्रेटरी आबासाहेब आले. मिलमध्ये हेडक्लार्क, मूळचे माढ्याचे, पोट पुढे आणि अक्कल त्याच्या बरीच मागे.

"आरं, फॉरिनचा माल मातीत घालतोस व्हय? क्लबात ठेवू. पाव्हण्यांना दाखवू."

झालो मी कपाटात बंद. पुढच्या वर्षी खंडेनवमीला पान्या-हातोड्यांबरोबर माझीही पूजा झाली. हळद, कुंकू, हार. दसऱ्याला चार वाजता रेल्वेच्या टीमशी अंतिम सामना. विजेत्याची ढाल गेल्या वर्षापासून मिलकडेच होती, म्हणजे बरोबरी झाली तरी मिलकडेच राहणार. "ढाल राखंल त्याला कायम करतो," असं आबासाहेब जाहीर बोलले होते. सिद्धाप्पाची बदलीतली सहा वर्षं त्या एका वाक्यावर टांगलेली.

तो कपाटापाशी आला. "आबासाहेब, आजच्यापुरता जोड द्या की."

"पूजेला बसवलाय. सोनं वाटून झाल्याबिगर हलवायचा न्हाय."

"मॅच आदी हाय, सोनं मागनं."

"मग अनवाणी खेळ. तुझा बा काय बूट घालून मेंढरं राखत हुता?"

सिद्धाप्पा अनवाणी खेळला. मैदान कपाटासमोरच, मी काचेतून सगळं पाहिलं. शेवटच्या मिनिटाला शून्य-शून्य. आबासाहेब रेषेवरून बोंबलत होते, "पुढं जा रं सिद्धाप्पा, मार गोल!" दहाही जण पुढे पळाले. सिद्धाप्पाने स्वतःशीच ओठ हलवले. कोणता शब्द, ते मी काचेआडूनही ओळखला. चेंडू आला, रेल्वेवाल्याचा बूट आला, आणि मध्ये सिद्धाप्पाचा उघडा पाय. चेंडू बाहेर गेला. अंगठा मोडला. ढाल राहिली.

संध्याकाळी क्लबात फोटोची तयारी. सिद्धाप्पा लंगडत आला, बरोबर सणाला आलेली त्याची आई गोजाबाई.

"आबासाहेब, कायम करायचं तेवढं..."

"गोल कुनी केला?"

"कुनीच न्हाय."

"मग तुला कशापायी करू? कुंडलिकाचं नाव धाडलंय. लई पळाला पोरगा." कुंडलिक खरंच पळाला होता, तीन वेळा मोकळ्या जाळ्यावरून चेंडू उडवायला पळावंच लागतं.

गोजाबाई कपाटापाशी गेली. कपाट उघडून तिने मला काढलं. माझ्यावरचा हार उतरवला, दोन्ही हातांनी आबासाहेबांच्या गळ्यात घातला.

"जोड्यावरचा हाय. तुमाला सोभतोय."

फोटोवाल्याने नेमकं तेव्हाच बटण दाबलं.

त्या रात्री कोणी सोनं वाटलं नाही म्हणतात; मी तर गोजाबाईच्या काखेतून घरी गेलो होतो. अंगठा जुळला. खेळ पाहिला होता तो फक्त समोरच्यांनी. रेल्वेने सिद्धाप्पाला खलाशी, म्हणजे हाताखालचा कामगार, म्हणून घेतलं, तेही कायम. पुढच्या दसऱ्याला मी त्याच्या पायात होतो. मिलचा एकही चेंडू आम्ही ओलांडू दिला नाही. रेल्वेने एक गोल केला आणि ढाल नेली. पेपरात नाव गोल करणाऱ्याचंच आलं. आम्हाला सवय आहे.

मित्रांनो, जपणं म्हणजे काचेत ठेवणं नव्हे. मला तेल लावा, टाचेला टाका घाला आणि मैदानात न्या. जो मागे उभा राहतो, त्याच्याकडे हरायच्या आधी एकदा बघत जा. तुम्ही बघणार नाही, ठाऊक आहे. शिट्ट्या मारायला मात्र पहिले असाल. मारा. सिद्धाप्पा पाय घालतोय, मला वेळ नाही.