हयातीचा दाखला

“पिलाजीरावांनी आभार मानलेत,” मी म्हटलं.

“तो सारूं ज ने, नलिनीबेन,” विक्रमसिंह स्क्रीनवरून नजर न काढता म्हणाला.

“सारूं? चांगलं कसलं डोंबलाचं! त्या माणसानं जन्मात कोणाचे आभार मानलेले नाहीत.”

मेल समोर उघडी होती. ‘मी हयात आहे. आपण सर्वजण करीत असलेल्या कार्याबद्दल मनःपूर्वक आभार.’ मी ती तीनदा वाचली.

दांडिया बाजारात पूजेच्या सामानाच्या दुकानावर आमची एक खोली आहे. तिला आम्ही कचेरी म्हणतो, कारण दोन टेबलं आणि एक कपाट आहे. ‘थेंब’ नावाच्या सॉफ्टवेअरची व्यवस्था इथून चालते. हे मुक्त सॉफ्टवेअर. म्हणजे मालक कोणी नाही, फुकट, आणि त्याच्या आत काय लिहिलंय ते कोणीही वाचावं, सुधारावं. लहान गावातल्या दवाखान्यात सलाइन लावताना सिस्टरनं बाटली केवढी, किती तासांत चढवायची, एवढं भरायचं, की ते सांगतं मिनिटाला किती थेंब सोडायचे. देशभरातली तीनशे-साडेतीनशे माणसं आपापल्या घरी बसून ते सांभाळतात. हुशार सगळी, पण पत्राला वेळेवर उत्तर देईल तर शपथ. म्हणून आम्ही दोघं. विक्रमसिंह यंत्रांचं बघतो. मला प्रोग्रॅममधलं ओ की ठो कळत नाही. मी माणसांची यादी सांभाळते. कोण सभासद, कोणाच्या हातात कसला अधिकार, कोण कोणावर रुसलंय.

यादीतलं पहिलं नाव पिलाजीराव मोहिते. थेंब त्यांनीच लिहायला घेतलं. कारखान्यात मीटर दुरुस्त करणारा माणूस, पन्नाशीत कॉम्प्युटर शिकला. नवी आवृत्ती निघाली की ती त्यांच्या सहीनं निघते. सही म्हणजे कागदावरची नव्हे, कॉम्प्युटरमधली. ती असली की दवाखान्यांतली मशिनं न विचारता नवी आवृत्ती उतरवून घेतात. नसली की नाही. इतकं साधं.

आणि मी लावलेला रिवाज असा. एकतीस वर्षं मी पेन्शन कचेरीत होते. तिथं दर नोव्हेंबरात म्हातारी माणसं हयातीचा दाखला द्यायला रांग लावत. इथं आल्यावर मी तेच सुरू केलं. ज्यांच्या हातात अधिकार आहेत त्यांनी नोव्हेंबरात स्वतःच्या हातानं एक ओळ लिहून पाठवायची. नाही आली तर नाव निवृत्तांच्या यादीत, अधिकार बंद. आधी सगळे हसले. मग पाठवायला लागले. पिलाजीरावांची पहिल्या वर्षीची ओळ होती, ‘मेलो तर कळवीन.’ त्यापुढच्या वर्षी, ‘आहे. तुम्हाला दुसरं काम नाही का?’ गेल्या वर्षी नुसतंच ‘आहे.’ तेव्हाही मी थबकले होते. पण म्हटलं, म्हातारा थकला असेल. जाऊ दे.

जाऊ दे म्हणायची सवय मला पूर्वी नव्हती. पेन्शन कचेरीत असताना दाखला आला नाही म्हणून मी एका निवृत्त मास्तरांना कागदावर मारलं होतं. चार महिन्यांनी ते काठी टेकत माझ्या टेबलापाशी आले आणि म्हणाले, “बाई, जरा हात लावून बघा.” त्या दिवसापासून माणूस डोळ्यांनी बघितल्याशिवाय मी कोणाचं नाव कापत नाही. इथल्या नियमांतही मी तसं लिहून ठेवलंय.

“नवी आवृत्ती आज चारला निघणार ना?” मी विचारलं.

“हो. तेच बघतोय.” विक्रमसिंहचा आवाज बदलला होता. “बेन, जरा इथे या. आ लाइन जुओ.”

मला काय कळणार! “तोंडानं सांग,” मी म्हटलं.

“ऑगस्टच्या आवृत्तीत कोणीतरी दार ठेवलंय. बाहेरून आत येता येईल, असं. येणारा आकडा बदलू शकतो. स्क्रीनवर दिसणारा, थेंबांचा.”

“कोणी ठेवलं?”

“लिहिलंय विहंगने. सही पिलाजीकाकांची. आणि आजच्यामध्ये हे आणखी मोठं केलंय.”

विहंग हे नाव ऐकलं आणि मी खुर्चीत बसले. जुलैत या नव्या सभासदाची मेल आली होती. इतकी अदबीची, की मी ती विक्रमसिंहला वाचून दाखवली होती, बघ, असं लिहावं. ‘ताई, जुन्या जाणत्या मंडळींपैकी कोणाला मदत हवी असेल तर सांगा, मी माझा वेळ देईन.’ मला बापडीला गहिवरून आलं. मी त्याला पिलाजीरावांच्या घरचा नंबर दिला. मीच, या हातानं. गोड बोलून गळा कापतात म्हणतात तो असा.

“कापून टाका नाव आत्ताच,” विक्रमसिंह म्हणाला. “सही बंद होईल.”

“न बघता?”

“नियम कोणी केला?”

“मीच केला. म्हणूनच जाऊन येते. चारला अजून खूप वेळ आहे. तू यादी काढ, ऑगस्टची आवृत्ती कुठे कुठे गेलीय त्याची.”

पिलाजीरावांचा फोन कोणी उचलला नाही. मी रिक्षा केली आणि अकोट्याला निघाले. विश्वामित्रीच्या पुलावर रिक्षा अडकली. माणसं स्कूटर उभ्या करून कठड्यावरून वाकून खाली बघत होती.

“मगर बहार आवी छे,” रिक्षावाला म्हणाला. “जोवुं छे?”

“नको रे बाबा. तू चल.”

दार पिलाजीरावांच्या पत्नीनं, अहल्यावहिनींनी उघडलं. मला बघून त्यांच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला, आणि तिथेच मला अर्धं कळलं.

“या ना नलिनीताई. चहा टाकते.”

“चहा राहू द्या. पिलाजीराव कुठेत?”

ते आतल्या खोलीत खिडकीपाशी खुर्चीत होते. उजवा हात मांडीवर कोणीतरी ठेवून दिल्यासारखा पडलेला. तोंड एका बाजूला ओढलेलं. डाव्या मनगटावर घड्याळ मात्र व्यवस्थित बांधलेलं होतं. त्यांनी माझ्याकडे बघितलं, ओळखलं, आणि घशातून एक आवाज काढला. त्यात शब्द नव्हता.

“गेल्या वर्षीच्या सप्टेंबरात झटका आला,” वहिनी म्हणाल्या. “वाचा गेली.”

“म्हणजे गेल्या नोव्हेंबरातलं ‘आहे’...”

“मी लिहिलं. खोटं काय होतं त्यात? आहेत की!”

“आणि आजचं?”

“ते विहंगनं सांगितलं तसं लिहिलं. तो म्हणाला, काकू, जरा सविस्तर लिहा, नाहीतर कचेरीला शंका येईल.”

मी पलंगावर बसले. पिलाजीरावांसमोर कॉम्प्युटर चालूच होता. कोपऱ्यात एक चौकोन उघडा होता. ‘काकू, साडेतीनला तयार राहा. काकांचा पासवर्ड टाकायचाय, नेहमीसारखा.’

“नेहमीसारखा? वहिनी, किती वेळा टाकलात?”

“पाच-सहा. तो पाठवतो ते मी उघडते आणि यांच्या वहीतला पासवर्ड टाकते. एवढंच. तो म्हणाला, काकांचं काम थांबलं तर नाव निघून जाईल.” त्यांचा आवाज चढला. “नाव निघालं की मेल बंद होतील ना! रोज सकाळी मी यांना मेल वाचून दाखवते. कुठकुठली माणसं लिहितात, पिलाजीराव, हे कसं करू, ते कसं करू. ऐकताना यांची बोटं हलतात. दुसऱ्या कशानं हलत नाहीत. डॉक्टरनं सांगितलेल्या व्यायामानंसुद्धा नाही. मग मी काय करायला हवं होतं?”

मी त्यांना सगळं सांगितलं: दार, आकडे, ऑगस्ट. सांगताना मी पिलाजीरावांकडे बघत नव्हते, पण ते ऐकत होते. त्यांच्या डोळ्यांतून पाणी येऊ लागलं आणि ते पुसायला डावा हातसुद्धा उचलेना.

वहिनी भिंतीला टेकल्या. “थेंबांचे आकडे?” त्या म्हणाल्या. “अहो, हे त्यांनी माझ्यासाठी लिहिलं होतं. मी तीस वर्षं सिस्टर होते. वॉर्डात वीस-वीस बाटल्या, आणि एकटीनं सगळ्यांचे थेंब मोजायचे. घरी आले की डोळे मिटले तरी थेंबच दिसायचे.”

“नाव काढावं लागेल, वहिनी.”

“माणूस तुमच्यासमोर बसलाय.”

“म्हणून तर विचारायला आले.” मी खुर्चीपाशी गेले. “पिलाजीराव, सही बंद करते. करू ना?”

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग मान खाली गेली आणि वर आली. एकदाच. मी विक्रमसिंहला फोन लावला आणि म्हटलं, “बघितलं मी. काढ नाव.” तिकडे कीबोर्ड वाजल्याचं ऐकू आलं, आणि तो म्हणाला, “निघालं, बेन.”

वहिनी पदर तोंडाला लावून रडल्या. मीही रडले, लाज कसली त्यात.

तेवढ्यात कॉम्प्युटर टिणटिणला. ‘काकू, सही होत नाहीये. काही झालं का?’ कोणीच काही टाइप केलं नाही. मिनिटभरानं दुसरी ओळ आली. ‘नलिनीताई आल्यात का तिथे?’

मी दाराकडे बघितलं, खिडकीकडे बघितलं; बाहेर शेजारीण कपडे वाळत घालत होती, दुसरं कोणी नव्हतं. परत वळले तर तो चौकोन रिकामा होता. त्यातलं आधीचं सगळं बोलणंही पुसलं गेलं होतं.

“वहिनी, याला कधी पाहिलंत? आवाज तरी?”

“नाही हो. तो म्हणायचा, माझा घसा बसलाय.”

विक्रमसिंहनं यादी पाठवली. ऑगस्टची आवृत्ती दोनशे अकरा दवाखान्यांत होती. त्यानं सगळ्यांना मेल टाकली होती, पण लहान दवाखान्यात मेल कोण उघडतं? ज्यानं दार ठेवलं त्याला आता कळलं होतं की ते बंद होणार. जाता जाता तो काय करील, कोणी सांगावं? कचेरीत परत जाण्यातही अर्धा तास गेला असता. मी तिथेच पलंगावर बसून पहिले वीस नंबर कागदावर उतरवले आणि फोन लावायला सुरुवात केली. स्क्रीनवरचा आकडा मानू नका, हातानं हिशोब करा. पहिल्या आठ ठिकाणी ऐकून घेतलं. एकानं माझं नाव दोनदा विचारून लिहून घेतलं. त्याचं बरोबरच होतं. उद्या जाब विचारायला माणूस लागेल, आणि तो मीच आहे.

नववा नंबर छोटाउदेपूरकडच्या एका दवाखान्याचा. फोन एका तरुण सिस्टरनं उचलला. मी गुजरातीत सगळं सांगितलं.

ती म्हणाली, “बेन, एक दादीने हमणां ज चडाव्युं छे. हार्टनी तकलीफ छे. डॉक्टरे धीमे चडाववानुं कीधुं छे.”

“आजींना लावलेली बाटली केवढी? सावकाश म्हणजे किती तासांत?”

“पाचसोनी. आठ कलाकमां.”

“आणि स्क्रीनवर किती दाखवतंय?”

“चोपन.”

मला त्यातलं काय कळतं! मी फोनवर हात ठेवून वहिनींना सांगितलं, पाचशे, आठ तास, चोपन्न. त्यांनी पदरानं तोंड पुसलं आणि माझ्या हातातून फोन घेतला.

“एकवीस जोइये,” त्या म्हणाल्या. आवाजात आता रडणं नव्हतं. “सांभळ दीकरा. स्क्रीन बंद कर. एनी सामे जोती ज नहीं, बघूच नको तिकडे. बाटलीपाशी जा आणि नळीवरची चक्की फिरव, धीमुं कर. दादीला धाप लागलीय का?”

तिकडून उत्तर आलं. वहिनींचा चेहरा बघून मला ते न ऐकताच कळलं.

“उशी लाव पाठीला. डॉक्टरला हाक मार. फोन ठेवू नको, स्पीकरवर टाक. आता माझ्याबरोबर टीपां गण, थेंब मोज.”

भिंतीवरचं घड्याळ बंद होतं. वहिनींनी इकडेतिकडे बघितलं, मग खुर्चीपाशी वाकून पिलाजीरावांचा डावा हात उचलला आणि मनगट आपल्या डोळ्यांसमोर आणलं. सेकंदकाटा बारावर येईपर्यंत थांबल्या.

“चल. एक. बे. त्रण.”

मी पिलाजीरावांच्या फोनवरून दहावा नंबर लावला. पलीकडे घंटा वाजत होती, कोणी उचलत नव्हतं. वहिनींना फोन दुसऱ्या कानाला घ्यायचा होता, म्हणून त्यांनी मनगट सोडलं. पिलाजीरावांचा हात खाली आला नाही. त्यांनी तो तसाच वर धरून ठेवला, घड्याळ वहिनींकडे करून.