दारातली खुर्ची

माझा भाऊ वर्दास जन्माचा भित्रा. आमचे वडील सरहद्दीवरचे सेनापती, घरात ढाली-तलवारींचा खच, आणि हा मात्र घोडा नुसता फुरफुरला तरी माझ्यामागे लपायचा. मी थोरली, म्हणून त्याची भीती कायम माझ्याच गळ्यात.

राजधानीत सम्राट बदलला, तेव्हा जुन्या सम्राटाचे नातेवाईक वेचून पकडले गेले; आम्ही त्यांतलेच. आमच्या चुलतभावाला शुभवर्तमानाच्या पवित्र पोथीवर हात ठेवून अभय दिलं आणि दुसऱ्याच दिवशी तापल्या सळईनं त्याचे डोळे घालवले. ते ऐकून वर्दास तडक तबेल्यात गेला, मेंढ्यांच्या कातरीनं स्वतःचे केस भादरले आणि माझ्यापुढे येऊन उभा राहिला.

“ताई, आंधळ्यासारखंच संन्याशालाही कोणी गादीवर बसवत नाही. आता मी कोणाच्याच वाटेत नाही.”

कानामागून रक्त ओघळत होतं. सगळी राजधानी त्याला हसली.

मठात त्याचं नाव वार्लाम झालं. माझ्यासाठी तो वर्दासच राहिला. तिथं त्यानं वर्षानुवर्षं आजाऱ्यांच्या जखमा धुतल्या. लोक त्याच्याकडे येऊ लागले, कारण तो उपदेश करत नसे, ऐकून घेत असे. पुढे दरबारानं त्याला आमच्या आमास्त्रिस बंदराचा बिशप केलं. असा निरुपद्रवी माणूस त्यांना हवाच होता. तोवर मी विधवा होऊन इथल्याच बायकांच्या मठात आले होते. माझा एकुलता एक मुलगा आंद्रोनिक पूर्वेच्या फौजेत होता.

त्या फौजेनं बंड केलं आणि ते फसलं, एवढं कानावर आलं होतं. आंद्रोनिकचं काय झालं, ते कोणी सांगेना. एका सकाळी मी प्रसादाच्या भाकरीचं पीठ मळत होते, तेवढ्यात कोमितो मासेवाली धापा टाकत आत आली.

“बाई, हात धुवा आधी. तुमचा लेक आलाय. माझ्या जावयाच्या होडीत, जाळ्याखाली लपून. थेट चर्चमध्ये शिरलाय आणि वेदीला धरून बसलाय. तिथून बिशपनं दिल्याशिवाय कोणाला नेता येत नाही म्हणे.”

मी पिठाच्या हातांनीच धावले. आंद्रोनिकच्या अंगाला मासळीचा वास येत होता. “आई, मागोमाग पेत्रोनास येतोय,” एवढंच तो बोलला.

पेत्रोनास म्हणजे सम्राटाचा सरदार. दुपारी त्याचं जहाज धक्क्याला लागलं. शिपाई बाजारातून चालत आले, पुढे दोघांच्या हातात निखाऱ्यांची शेगडी, तिच्यात सळया. झाकपाक काही नाही. दुकानांच्या फळ्या धडाधड पडत गेल्या.

मी वर्दासला शोधलं. तो मागच्या खोलीत भिंतीला धरून ओकत होता.

“माझ्या पोराला देऊ नकोस,” मी म्हणाले.

“ताई, माझे पायच उभे राहत नाहीत गं.”

“मग बस. पण दारात बस.”

त्यानं माझ्याकडे पाहिलं. मग आम्ही दोघांनी त्याची जड खुर्ची ओढत नेली आणि चर्चच्या उंबऱ्यावर ठेवली. तो बसला. त्याचे दात वाजत होते. मी त्याच्या पाठीशी उभी राहिले.

पेत्रोनास पायऱ्या चढून आला. “बाजूला व्हा, स्वामी.”

“उठता येत नाही.”

“घाबरलात?”

“हो. फार.”

शिपाई खदाखदा हसले. पेत्रोनासनं आवाज मऊ केला. “शुभवर्तमान आणा. शपथ घेतो, पोराच्या डोळ्यांना हात लावणार नाही.”

“आमच्या चुलतभावापुढे हीच शपथ घेतली होतीत. तुम्हीच.”

पेत्रोनासचा चेहरा आवळला. त्यानं शेगडीतली सळई उचलली आणि वर्दासच्या डोळ्यापाशी नेली. “मग तुमच्यापासूनच सुरुवात करू?”

भुवईचे केस जळाल्याचा वास मला आला. वर्दासनं डोळे मिटले, खुर्चीचे हात घट्ट धरले. त्याचा झगा मांडीवर ओला होत गेला आणि ओघळ पायरीवर आला. पण तो हलला नाही.

चौकात माणसं जमली होती, कोणी हसलं नाही. कोमितो शिपायांना कोपरानं ढकलत वर आली, कमरेचं मासळीचं फडकं सोडून तिनं वर्दासच्या मांडीवर पसरलं आणि तिथंच पायरीवर बसली.

“काय गं, ऊठ!” पेत्रोनास ओरडला.

“माझेही पाय गेलेत, सरकार.”

तिच्या शेजारी तिचा जावई बसला. मग नावाडी, मग मासे चिरणाऱ्या बायका, हातातल्या सुऱ्यांसकट. पेत्रोनासनं वळून धक्क्याकडे पाहिलं. परतताना जहाजाची वल्ही मारायला त्याला याच गावचे हात लागणार होते.

तेव्हा वर्दास डोळे न उघडताच बोलला. “पोराचे केस मी आत्ता कापतो. संन्यासी झाला की सम्राटाला त्याचं भय नाही. मीही बिशपपद सोडून सोबत येतो. त्याचा हात मी सोडणार नाही, एवढ्या अटीवर न्या.”

पेत्रोनासनं सळई शेगडीत टाकली. सगळ्या गावासमोर माझ्या मुलाचे केस कापले गेले. संध्याकाळच्या आत जहाज गेलं; मामा-भाचे हात धरून डेकवर बसले होते.

तो हिवाळा मी कसा काढला, ते माझं मला ठाऊक. राजधानीहून शीड आलं की मी धक्क्यावर जायची आणि विचारायला धजत नसे. पेत्रोनासचा शब्द तो काय! झोपेत मला माझ्या मुलाचा चेहरा दिसे, पण डोळ्यांची जागा नेमकी अंधारात.

वसंतात कोमितोचा जावई दूरच्या बेटांवरून मीठ घेऊन परतला. दोघांना तिथल्या एका मठात ठेवल्याचं त्यानं सांगितलं.

“आंद्रोनिक?” मी विचारलं.

“अंगणात बसला होता, बाई. मसुरीतले खडे वेचत.”

“खडे? कोणी शेजारी बसून सांगत होतं का त्याला?”

“कोणी नाही. एकटाच. बारीक बारीक खडे वेचून फेकत होता. मला लांबूनच ओळखलं, हाक मारली.”

मी मिठाच्या पोत्यावर बसले.

“आणि वर्दास?”

जावई हसू दाबत म्हणाला, “स्वामी बरे आहेत. पण आमची होडी लागताना पाहिली आणि विहिरीमागे जाऊन लपले. सरकारी होडी नाही म्हटल्यावर बाहेर आले, आणि पहिल्यांदा तुमची चौकशी केली.”